मालमोटारीसाठीं इन्व्हर्टर कसा निवडावा

गेल्या हंगामांत आमच्या मंडळाच्या सभासदांकडून एकच पृच्छा निरनिराळ्या रूपांनीं वारंवार आली. कोणी लिहितात, टोमॅटोच्या गाडीबरोबर वाशीच्या बाजारांत रात्रभर थांबावें लागतें, तर पंखा चालविण्यास किती वॅटचा इन्व्हर्टर घ्यावा. कोणी विचारतात, दूध-संकलनाच्या गाडींत तपासणीचें यंत्र व पावती छापण्याचें यंत्र चालेल काय. कांदा घेऊन कोलकात्यापर्यंत जाणाऱ्या एका गृहस्थांनीं भात शिजविण्याच्या विजेच्या भांड्याविषयीं विचारणा केली आहे. प्रत्येकास स्वतंत्र उत्तर धाडण्यापेक्षां या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथेंच करावा असें आम्हांस वाटलें.

या लेखास आणखी एक निमित्त आहे, तें सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. जुन्नर तालुक्यांतील आमचे एक सभासद आपल्या पिकअप गाडींतून टोमॅटो वाशीस नेतात. उन्हाळ्यांत गाडींत झोंपणें असह्य होतें म्हणून त्यांनीं इन्व्हर्टर घेण्याचें ठरविलें व आम्हांस विचारलें. आम्हीं कामाच्या गडबडींत "हजार वॅटचा घ्या, पुष्कळ झाला" एवढेंच सांगून मोकळे झालों. त्यांनीं तसा घेतला, गाडीच्या बॅटरीस जोडला, व पहिल्याच खेपेस बाजारांत रांगेंत उभे असतां पंखा व दिवा लावून तिघे जण निवांत झोंपले. पहाटे तीनच्या सुमारास रांग हलली, तेव्हां गाडीचें इंजिन फिरेना. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले, धक्का मारून पाहिला, शेवटीं कोठून तरी दुसरी बॅटरी आणेपर्यंत पहाटेचा सौदा आटोपला होता. पिकलेला माल परत नेतां येत नाहीं. ऐंशी क्रेट मिळेल त्या दरानें द्यावे लागले. इन्व्हर्टर नादुरुस्त नव्हता, बॅटरीही वर्षभराची होती. चुकला होता तो हिशेब, आणि त्यांत आमच्याही अपुऱ्या सल्ल्याचा वांटा होता. हा लेख म्हणजे त्या ऋणाची फेड समजावी.

इन्व्हर्टर हें यंत्र वाचकांस अपरिचित नाहीं. सन २००५ च्या सुमारास व त्यापुढें कांहीं वर्षें भारनियमनामुळें खेड्यांतील घरें रोज कित्येक तास अंधारांत असत. तेव्हांपासून तो पुष्कळ घरांत जाऊन बसला आहे. बॅटरींतून निघणारा प्रवाह एकाच दिशेनें वाहतो व त्याचा दाब थोडा असतो. घरांतील उपकरणांस लागणारा प्रवाह २३० व्होल्ट दाबाचा व सेकंदास पन्नास हेलकावे घेणारा असतो. पहिल्याचें दुसऱ्यांत रूपांतर करणें एवढेंच इन्व्हर्टरचें काम. तो वीज उत्पन्न करीत नाहीं, उलट रूपांतर करतांना थोडी खातो. घरच्या इन्व्हर्टरमागें त्याच कामासाठीं बनविलेली मोठी बॅटरी असते व तारेंतून वीज आली कीं ती पुन्हां भरते. गाडींत मात्र इंजिन सुरू करण्यासाठीं ठेवलेली बॅटरी व इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर यांखेरीज कांहीं नाहीं. हा फरक न जाणल्यामुळेंच बहुतेक फजिती होते.

व्होल्ट, अँपियर व वॅट हे तीन शब्द पुढें वारंवार येतील. शेतकऱ्यास ते पाण्याच्या उदाहरणानें चटकन् कळतात. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची. अँपियर म्हणजे पाटांतून एका वेळीं वाहणारें पाणी. आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट, म्हणजे प्रत्यक्ष होणारें काम. उंची थोडी असेल तर तितकेंच काम करून घेण्यास पाणी अधिक सोडावें लागतें व पाटही रुंद करावा लागतो. घरीं हजार वॅटच्या इस्त्रीस सुमारें सव्वाचार अँपियर पुरतात. तीच इस्त्री बारा व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरच्या द्वारें चालविली तर रूपांतरांतील नुकसानी धरून शंभराच्या आसपास अँपियर ओढले जातात. एक सोपी रीत लक्षांत ठेवावी : बारा व्होल्टच्या गाडींत उपकरणाच्या वॅटला दहानें भागावें, चोवीस व्होल्टच्या गाडींत विसानें भागावें, येईल तो बॅटरीवरील अँपियरचा भार. चांगला इन्व्हर्टर शंभरांतील पंचाऐंशी ते नव्वद हिस्से वीज पुढें पोंचवितो, त्या मानानें ही रीत व्यवहारास पुरेशी बरोबर आहे.

दुकानांत जाण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा, तो असा कीं, या उपकरणास इन्व्हर्टर मुळांत लागतो काय? पुष्कळदां लागत नाहीं. मोबाईल फोन गाडीच्या सॉकेटांतून थेट भरतो. बारा व चोवीस व्होल्टचे एल.ई.डी. दिवे व चालकाच्या खोलींत बसविण्याचे लहान पंखे मोटारीच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. इलेक्ट्रॉनिक वजनकांट्यांत बहुधा स्वतःची लहान बॅटरी असते, ती घरून भरून आणली म्हणजे झालें. दूध तपासण्याच्या पुष्कळ यंत्रांस मागील बाजूस बारा व्होल्टचें तोंड दिलेलें असतें. तें न पाहतां आमच्या ओळखीच्या एका संस्थेनें बॅटरीवर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर पुन्हां बारा व्होल्टचा अडॅप्टर व त्यावर तें यंत्र असा खटाटोप कित्येक महिने चालविला होता. घागरींतील पाणी आधीं माडीवर चढवून मग पुन्हां खालीं आणून प्यावें, तशांतला हा प्रकार. दोन वेळां रूपांतर व दोन वेळां नुकसान! यंत्राच्या पाठीवरील पट्टी वाचण्याची संवय ठेवली तर निम्म्या सभासदांचा इन्व्हर्टरचा खर्च वांचेल असें आमचें मत आहे.

इतकें करूनही कांहीं उपकरणें उरतात : लॅपटॉप, पावती छापण्याचें मोठें यंत्र, घरचा टेबलफॅन, लहान शीतपेटी, हत्यारांच्या बॅटऱ्या भरण्याचे चार्जर. यांच्यासाठीं इन्व्हर्टर घ्यावयाचा, तर एका वेळीं जीं उपकरणें चालणार त्यांच्या वॅटची बेरीज करावी व तिच्यावर पाव हिस्सा अधिक धरावा. टेबलफॅन ५० वॅट, दिवा १० वॅट, लॅपटॉप ६० वॅट, दोन फोन मिळून ३० वॅट, अशी बेरीज १५० होते. म्हणजे दोनशें वॅटचा इन्व्हर्टर यास पुरतो. आमच्या जुन्नरच्या सभासदांस हजार वॅटचा मुळींच नको होता. मोठा घेतल्यानें कांहीं बिघडत नाहीं असें पुष्कळांस वाटतें, परंतु इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठीं थोडी वीज खातो व मोठा अधिक खातो. रात्रभर एकट्या फोनसाठीं मोठा इन्व्हर्टर चालू ठेवणें म्हणजे एका माणसासाठीं पंगतीची चूल पेटविणें होय.

ज्या उपकरणांत मोटर अगर कॉम्प्रेसर आहे त्यांचा हिशेब निराळा. बैल जसा उभी गाडी हलवितांना अधिक जोर लावतो, तशी मोटर सुरू होतांना क्षणभर आपल्या नेहमींच्या भाराच्या तिप्पट ते सातपट वीज ओढते. शंभर वॅटची शीतपेटी सुरू होतांना सहाशें वॅट मागूं शकते. अर्ध्या अश्वशक्तीची धान्य चाळणीची मोटर चालू असतां सहाशें वॅटच्या आसपास घेते, पण सुरू होतांना तिची मागणी तीन हजारांवर जाते. असली मोटर गाडीवर चालविण्याची कल्पना आम्हीं स्पष्टपणें नापसंत करतों; त्या कामास लहान जनित्रच योग्य.

येथेंच विक्रेत्यांची एक खुबी सांगितली पाहिजे. पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट पुष्कळदां त्या क्षणभराच्या जोराचे असतात. अखंड किती देतां येतील तो आंकडा बारीक अक्षरांत असतो, अगर नसतोच. शिवाय अखंड भाराचा आंकडा पुष्कळदां थंड हवेंतील, म्हणजे २५ अंश उष्णतामानाचा धरलेला असतो. वैशाखांत बंद गाडीच्या आंत पंचेचाळीस अंश सहज होतात, तेव्हां तोच इन्व्हर्टर तेवढें काम देत नाहीं. भार न घटविल्यास तापून बंद पडतो. जेथें अखंड वॅट, क्षणिक वॅट व उष्णतामान हीं तीन्ही स्पष्ट लिहिलेलीं नाहींत, तेथें किंमत कितीही स्वस्त असो, आम्हीं हात लावणार नाहीं.

गाडीचा दाब कोणता हें आधीं पाहावें. पिकअप व लहान टेम्पोंत बहुधा बारा व्होल्टची एकच बॅटरी असते. मोठ्या मालमोटारींत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. बारा व्होल्टचा इन्व्हर्टर चोवीसला जोडला तर तो तत्काळ जळतो. पण त्याहून अधिक नुकसान करणारी एक रीत आपल्याकडे सर्रास चालते, ती अशी कीं, मोठ्या गाडीच्या दोन बॅटऱ्यांपैकीं एकीवरूनच बारा व्होल्ट काढून त्यावर गाण्याचें यंत्र, दिवे व इन्व्हर्टर लावावयाचे. दिसण्यांत सर्व ठीक चालतें. आंत मात्र जिच्यावर भार आहे ती बॅटरी रोज अधिक रिती होते, दुसरी भरलेलीच राहते. अल्टरनेटर दोघींस एकत्र भरतो म्हणून पहिली कधींच पुरी भरत नाहीं व दुसरी फाजील भरून तिचें पाणी आटतें. जोडींतील एक बैल उपाशी व दुसरा अजीर्णानें आजारी, असा हा प्रकार. सहा-आठ महिन्यांत बॅटरी गेली म्हणून जे कंपनीस दोष देतात, त्यांनीं आधीं आपली जोडणी पाहावी. चोवीस व्होल्टच्या गाडीस चोवीसचाच इन्व्हर्टर घ्यावा. बारा व्होल्टचें कांहीं चालवावयाचेंच असेल तर चोवीसाचे बारा करणारा स्वतंत्र कन्व्हर्टर मिळतो, तो बसवावा.

आतां बॅटरीचा प्रश्न, व तोच या विषयाचा गाभा आहे. इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीचें काम म्हणजे कांहीं सेकंद कित्येक शें अँपियर देणें. त्यासाठीं तिच्यांत पातळ व पुष्कळ पत्रे असतात. तिच्यापासून तासन् तास थोडी थोडी वीज घेत राहिलें, म्हणजे पत्र्यांवरील द्रव्य झडतें; आणि रिती झालेली बॅटरी तशीच दोन-चार दिवस पडली तर पत्र्यांवर गंधकयुक्त क्षार घट्ट बसून ती पूर्वींइतकी भरत नाहीं. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी याच्या उलट स्वभावाची : ती जाड पत्र्यांची, सावकाश व दीर्घकाळ देणारी, पण एकदम मोठा जोर देण्यास तितकीशी उपयोगी नाहीं.

आमच्या सभासदांच्या त्या रात्रीचा हिशेब मांडून पाहूं. रात्रीं दहा ते पहाटे तीन हे पांच तास. पंखा ५० वॅट पांच तास, म्हणजे २५० वॅट-तास. दिवा ५०. लॅपटॉपवर मुलानें दोन तास काम केलें, त्याचे १२०. फोनांचे दोन तासांचे ६०. बेरीज ४८०. इन्व्हर्टरची रूपांतरांतील नुकसानी धरून हे ५६५ च्या आसपास होतात. त्यांत हजार वॅटच्या मोठ्या यंत्राचें स्वतःचें खाणें तासाला दहा वॅट धरलें तर आणखी ५०. एकूण सुमारें ६१५ वॅट-तास. यास बारानें भागिलें म्हणजे ५१ अँपियर-तास. गाडीची बॅटरी ८० अँपियर-तासांची. कागदावर अजून २९ उरले असें दिसतें. पण ८० हा आंकडा नव्या बॅटरीचा व तोही वीस तासांत सावकाश खर्च केल्यास मिळणारा. वर्षभर वापरलेली, जलद खर्चलेली बॅटरी तितकें देत नाहीं. शिवाय त्या रात्रीं सुरुवातीस ती पुरी भरलेली होती याचीही खात्री नव्हती. घाटांतून दिवे व पुसणी चालू ठेवून गाडी आलेली होती. जी बॅटरी निम्म्याखालीं गेली तिच्यावर डिझेल इंजिन फिरेल असा भरंवसा धरणें म्हणजे नदींतील उतार न पाहतां गाडी घालणें.

यावर विक्रेते सांगतात, "अहो, बॅटरी उतरली कीं इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, काळजी कसली?" ही गोष्ट खरी आहे व तिच्यांतच फसगत आहे. बहुतेक बारा व्होल्टचे इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टांवर बंद होतात, चोवीसचे एकविसांवर. विसावलेली बॅटरी पुरी भरलेली असतां सुमारें १२.७ व्होल्ट दाखविते, निम्मी असतां १२.२, आणि ११.९ च्या खालीं ती जवळजवळ रितीच समजावी. भार चालू असतां आंकडा थोडा खालीं दिसतो हें कबूल; तरीही पंखा-दिव्यासारख्या हलक्या भारावर साडेदहास पोंचलेली बॅटरी इंजिन फिरविण्याच्या कामाची राहत नाहीं. म्हणजे हें आपोआप बंद होणें बॅटरीस नाशापासून थोडेंबहुत वांचवितें, गाडीस मात्र वांचवीत नाहीं. ज्यांत बंद होण्याचा दाब आपणांस ठरवितां येतो असे इन्व्हर्टर थोड्या अधिक किंमतीस मिळतात. हलक्या भारासाठीं तो १२ व्होल्टांच्या आसपास ठेवावा. तसा न मिळाल्यास दाब दाखविणारें लहान मीटर समोर बसवावें व १२.२ दिसतांच इन्व्हर्टर बंद करावा. हें मीटर स्वस्त असतें व त्याच्याइतकें उपयोगी दुसरें कांहीं नाहीं.

कोणी म्हणतील, इंजिन चालूच ठेवावें. चालत्या गाडींत ही गोष्ट ठीक. मात्र अल्टरनेटरवर लिहिलेले अँपियर इंजिन वेगांत असतांनाचे असतात; गाडी उभी व इंजिन मंद असतां त्याच्या निम्मेच मिळाले तरी पुष्कळ. नव्वद अँपियरच्या अल्टरनेटरवरून दिवे व गाडीची स्वतःची गरज वजा जातां तीस-चाळीस अँपियर, म्हणजे तीनशें ते चारशें वॅट, एवढ्यावरच नजर ठेवावी. आणि झोंपेच्या वेळीं उभ्या गाडीचें इंजिन चालू ठेवणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. डिझेल जळतें हें तर आहेच. पण दाटीनें उभ्या गाड्यांत व बंद शेडमध्यें त्या धुरांतील विषारी वायु झोंपलेल्या माणसास जागें न करितां मारतो.

तेव्हां रात्रभर उपकरणें चालविणें ज्यांस नित्याचेंच आहे, त्यांनीं दुसरी स्वतंत्र बॅटरी ठेवावी, व ती इंजिन चालू असतांनाच पहिलीशीं जोडली जाईल व इंजिन थांबतांच आपोआप विलग होईल असा रिले बसवावा. मग दुसरी पुरती उतरली तरी गाडी सुरू होते. ही बॅटरी सावकाश देणाऱ्या जातीची असावी, परंतु घरची १५० अँपियर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी गाडींत चढविण्याचा मोह टाळावा. तिचें वजन पन्नास किलोंच्या वर असतें, गाडीच्या हिसक्यांनीं तिच्यांतील तेजाब उसळतें, व मालाची तितकी जागा जाते. हल्लीं लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्या मिळूं लागल्या आहेत. शंभर अँपियर-तासांच्या बॅटरीचें वजन दहा-तेरा किलो भरतें व तिच्यांतील ऐंशी टक्के वीज खुशाल वापरतां येते. शिशाच्या बॅटरींतील निम्मीच वापरावी. किंमत मात्र बरीच अधिक, आणि ती रिती असतां इतक्या जोरानें वीज ओढते कीं नुसत्या रिलेवर जोडल्यास अल्टरनेटर तापून जळण्याचें भय असतें. तिच्यासाठीं प्रवाहास आळा घालणारा स्वतंत्र चार्जर घ्यावाच लागतो.

तारांविषयीं थोडक्यांत, पण आंकड्यांसह सांगतों, कारण आगी लागतात त्या येथूनच. इन्व्हर्टर बॅटरीपासून दोन मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन तांब्याची चार मीटर तार झाली. तिच्यांतून शंभर अँपियर जात आहेत. तार सहा चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर तिच्यांतच सव्वा व्होल्टाच्या जवळपास दाब नाहींसा होतो व एकशें पंधरा-वीस वॅट उष्णता त्या तारेंत उत्पन्न होते. वेष्टन वितळण्यास एवढी पुरे. पंचवीस चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसानी पाव व्होल्टाच्या थोडी वर, आणि तार नुसती कोमट. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवावा. लांब तार काढावयाचीच असेल तर २३० व्होल्टची बाजू लांबवावी, बारा व्होल्टची नव्हे. बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंतच फ्यूज असावा. पुढें तार घांसून गाडीच्या सांगाड्यास लागली तर तेवढाच रक्षक आहे. सिगारेट पेटविण्याच्या सॉकेटामागील फ्यूज बहुधा दहा ते वीस अँपियरचा असतो, तेव्हां त्यांत घालण्याचे इन्व्हर्टर शंभर-सव्वाशें वॅटपर्यंतच वापरावे. तेथील फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागीं मोठा फ्यूज अगर तारेचा तुकडा घालणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत!

इन्व्हर्टरच्या प्रवाहाचा हेलकावा कसा आहे, याचाही विचार करावा लागतो. तारेंतून येणारी वीज झोंपाळ्यासारखी सावकाश चढते व सावकाश उतरते. तिला शुद्ध साइन लहर म्हणतात. स्वस्त इन्व्हर्टर तिची नक्कल पायऱ्यांनीं करतात : एकदम वर उडी, तेथें थांबणें, मग एकदम खालीं. पेटीवर यास सुधारित साइन लहर असें नांव असतें; सुधारणा कसली ती आम्हांस अद्याप उमगलेली नाहीं. इस्त्री किंवा तारेचा दिवा यांस फरक कळत नाहीं, व लॅपटॉपचे अडॅप्टरही बहुधा चालून जातात. परंतु पंखा घरघरतो व अधिक तापतो, शीतपेटीचा कॉम्प्रेसर कष्टानें चालतो, कांहीं लहान चार्जर तर जळून जातात. ज्यांत मोटर अगर नाजूक मापन आहे, त्यासाठीं शुद्ध लहरीचाच इन्व्हर्टर घ्यावा. किंमतींतील अंतर पूर्वींइतकें राहिलेलें नाहीं.

जनावरांच्या लसींविषयीं विचारणाऱ्यांस वेगळें सांगावें लागेल. लाळ-खुरकत, घटसर्प इत्यादि लसी २ ते ८ अंश उष्णतामानांत राहाव्या लागतात. चार-सहा तासांच्या प्रवासास चांगली बांधलेली बर्फाची पेटी पुरते व तीस वीज लागत नाहीं. फक्त लसीच्या बाटल्या बर्फास थेट लागूं देऊं नयेत, कारण गोठलेली लसही निकामी होते. त्याहून अधिक काळ न्यावयाच्या असतील तर बारा-चोवीस व्होल्टवर थेट चालणारी शीतपेटी घ्यावी. इन्व्हर्टर व घरचा फ्रीज अशी जोडी त्यासाठीं करूं नये. भाजीपाला थंड ठेवण्याची गोष्ट तर इन्व्हर्टरच्या आवांक्याबाहेरचीच आहे. शीतवाहनांचीं यंत्रें गाडीच्या इंजिनावर अगर स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालतात तीं उगाच नव्हे. चालकाच्या खोलींतील वातानुकूलनाचेंही तसेंच. सन २०२३ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें मोठ्या मालमोटारींच्या चालकाच्या खोलींत तें असावें अशी अधिसूचना काढली. तें यंत्रही गाडीच्या इंजिनावर चालावयाचें, इन्व्हर्टरवर नव्हे.

भाताच्या भांड्याचें उत्तर आतां देतां येईल. नेहमींचें भांडें सातशें वॅटचें असतें. त्या गृहस्थांची गाडी चोवीस व्होल्टची, म्हणजे भार पस्तीस अँपियर, व भातास लागणारा वेळ अर्धा तास. गाडी चालू असतां, अखंड हजार वॅट देणाऱ्या इन्व्हर्टरवर हें सहज जमेल. मात्र चालत्या गाडींत भांडें घट्ट बांधलेलें असावें व बरोबरच्या माणसानेंच तें पाहावें. बारा व्होल्टच्या पिकअपमध्यें हेंच करूं गेल्यास सत्तर अँपियर लागतील. तें आम्हीं सुचविणार नाहीं. दीड हजार वॅटची चहाची किटली अगर दोन हजारांची इंडक्शन शेगडी दोन्ही गाड्यांस वर्ज्य समजावी.

जागेविषयीं दोनच सूचना. इन्व्हर्टर बॅटरीच्याच पेटींत अगर इंजिनाच्या खोलींत ठेवूं नये. भरतांना बॅटरींतून जो वायु सुटतो तो ठिणगीनें पेट घेतो, आणि उष्णतेनें यंत्राचें आयुष्य घटतें. आसनामागें, धूळ व ओल लागणार नाहीं अशा जागीं, पंख्याच्या जाळीपुढें चार बोटें मोकळी ठेवून तो पक्का आंवळावा. रिकामीं पोतीं त्यावर टाकूं नयेत. दुसरें असें कीं, बॅटरीचे बारा व्होल्ट निरुपद्रवी असले तरी इन्व्हर्टरच्या तोंडाशीं असलेले २३० व्होल्ट घरच्याइतकेच घातक आहेत. ओल्या हातांनीं, पावसांत, लोखंडी फाळक्यावर उभे राहून त्यास हात लावूं नये, व गाडीचा इन्व्हर्टर घराच्या वायरिंगला तर कधींच जोडूं नये.

विकत घेतांना दुकानदारास एवढेंच म्हणावें कीं, तुमच्याच बॅटरीवर लावून दाखवा. हजार वॅटचा म्हणून देत असेल तर साडेसातशें वॅटची इस्त्री पूर्ण उष्णतेवर ठेवून पंधरा मिनिटें चालवावी. मधून मधून आपोआप बंद होईल ती गोष्ट इस्त्रीची, त्याकडे लक्ष नको. नंतर इन्व्हर्टरच्या अंगास हात लावून पाहावा, तारांच्या जोडांसही पाहावा. खरा माल गरम होतो, पण हात ठेववतो. जो दुकानदार एवढें करूं देत नाहीं त्याच्याकडून घेऊं नये. पावतीवर अखंड वॅट लिहून घ्यावेत.

जुन्नरच्या आमच्या सभासदांनीं तो हजार वॅटचा इन्व्हर्टर मंडळाच्या चोवीस व्होल्टच्या गाडीसाठीं देऊं केला होता. तो बाराचा असल्यामुळें घेतां आला नाहीं, म्हणून दुकानदारास थोडी घट सोसून परत केला. आतां त्यांच्या पिकअपमध्यें तीनशें वॅटचा शुद्ध लहरीचा इन्व्हर्टर, रिलेवर जोडलेली दुसरी बॅटरी, व टेबलफॅनच्या जागीं बारा व्होल्टवर थेट चालणारा लहान पंखा आहे. लॅपटॉप तेवढा इन्व्हर्टरवर चालतो. दोन महिन्यांत चौदा खेपा झाल्या. दर वेळीं पहाटे मीटरवर काय आंकडा होता तो ते वहींत टिपून ठेवतात. सर्वांत खालचा आंकडा १२.४ आहे, व तोही दुसऱ्या बॅटरीचा.